डीएनएचा तिसरा पेड

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, थोडं सावरून)

जेवणं झाली असतील, कुणी भांडी आवरत असेल, कुणी उद्याचे तांदूळ निवडत असेल. हातातलं काम सोडू नका. फक्त जवळपास सुतळीचा एखादा तुकडा असेल तर घेऊन ठेवा. आजच्या बोलण्यात लागणार आहे.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या बचत गटाच्या मासिक बैठकीत एक कर्जमागणी आली. अठरा हजार रुपयांची. मागणाऱ्या आमच्या गटातल्याच एक आजी. शेळीसाठी नाही, धानाच्या खतासाठी नाही, नातवासाठी. नातू नऊ वर्षांचा, त्याला सिकलसेल आहे. थंडी पडली की पोराचे हातपाय दुखतात, रात्रभर कण्हतो. आदल्या वर्षी चार वेळा दवाखान्यात भरती केलं होतं.

आजींनी कमरेच्या पिशवीतून एक रंगीत कागद काढला. गावात आलेल्या एका एजंटाने दिलेला. त्यावर तीन दोऱ्यांची वेणी घातल्यासारखं चित्र, आणि खाली लिहिलेलं, की ही तिहेरी डीएनएची पावडर आहे, सहा महिने दुधातून द्या, बिघडलेला डीएनए दुरुस्त होतो, सिकलसेल मुळापासून जातो. दोन हजार रुपये आजींनी आधीच देऊन टाकले होते.

आमच्या सचिवांची मुलगी दहावीत आहे. आईसोबत वही लिहायला बसते. ती कागद पाहून म्हणाली, "ताई, आमच्या पुस्तकात तर डीएनएचे दोनच धागे आहेत. हे तीन कुठून आले?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी समन्वयक खरी, पण मी बी.ए. झालेली, तेही मराठी घेऊन. मला उत्तर येत नव्हतं. खरं असलं आणि मी नाही म्हटलं, तर पोराचं नुकसान. खोटं असलं आणि मी सही केली, तर आजींचं घर अठरा हजारांत बुडणार. पैसा सगळ्यांच्या घामाचा, आणि पोर आजींचं. मी आठ दिवस मागून घेतले.

तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याकडे दोन दुपारी बसले. कागद पाहून त्या म्हणाल्या, "तीन पेडांचा डीएनए खरा आहे. पावडर खोटी आहे. पण हे दोन्ही वेगवेगळं करून दाखवायला वेळ लागेल."

तो वेळ आज तुमच्याकडून घेते आहे.

दोन पेडांची दोरी

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरेल, पण जाडीला इतका बारीक, की एका मिलिमीटरचे पाच लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा.

हा डीएनए म्हणजे दोन पेडांची पीळ दिलेली दोरी. प्रत्येक पेडावर चार प्रकारची अक्षरं ओळीनं बसवलेली असतात. त्यांना ए, टी, जी आणि सी म्हणतात. आई-बापाकडून आलेला सगळा मजकूर या चार अक्षरांतच लिहिलेला असतो. डोळ्याचा रंग, रक्त कसं बनायचं, सगळं. एका बाजूने आलेला मजकूर साधारण तीनशे कोटी अक्षरांचा भरतो.

आता ब्लाउजची टिचबटणं आठवा. एका पट्टीवरचं बटण दुसऱ्या पट्टीवरच्या खळगीतच बसतं. तसंच इथे. एका पेडावर ए असेल तर समोर टीच लागतो, जी असेल तर समोर सीच लागतो. ए-टी दोन बटणांनी जोडले जातात, जी-सी तीन बटणांनी. शास्त्रज्ञ या बटणांना हायड्रोजन बंध म्हणतात. एक बटण अगदी कच्चं असतं, पण हजारो एकत्र आली की दोरी पक्की होते. शिवाय ही अक्षरं एकावर एक भाकऱ्यांच्या चवडीसारखी बसतात, त्या चवडीनेही दोरीला बळ येतं.

आणखी एक गोष्ट मनात ठेवा. ए आणि जी ही अंगानं मोठी अक्षरं, टी आणि सी लहान. प्रत्येक पायरीवर एक मोठं आणि एक लहान अशीच जोडी बसते, म्हणून दोरीची जाडी सगळीकडे सारखी राहते. मोठ्या अक्षरांची ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

तीन पेड आधी चुकीचे निघाले, मग खरे निघाले

डीएनए कसा दिसतो, हे १९५३ पर्यंत कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतले मोठे शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट कोरी यांनी सांगितलं, की डीएनएला तीन पेड आहेत. त्यांनी पेडांच्या पाठी आत आणि अक्षरं बाहेर, अशी रचना मांडली.

ती चुकली. कारण डीएनएच्या प्रत्येक पेडाच्या पाठीवर ऋण भार असतो. लोहचुंबकाची सारखी टोकं एकमेकांना ढकलतात हे आपण लेकरांच्या खेळण्यात पाहतो. तीन ऋण पाठी आत एकमेकींना खेटून बसवल्या तर त्या एकमेकींना ढकलून देतील.

त्याच काळात लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन नावाच्या बाई क्ष-किरणांनी डीएनएची चित्रं काढत होत्या. पाठी बाहेर आणि अक्षरं आत असली पाहिजेत, हे त्यांच्या कामातून दिसत होतं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका चित्राची मदत झाली, आणि वॉटसन व क्रिक यांनी एप्रिल १९५३ मध्ये दोन पेडांची रचना छापली. तीच बरोबर ठरली. फ्रँकलिनबाई १९५८ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी कर्करोगाने गेल्या. नोबेल पारितोषिक १९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स या तिघा पुरुषांना मिळालं.

म्हणजे तीन पेडांची गोष्ट संपली? नाही. चारच वर्षांनी, १९५७ मध्ये, अमेरिकेत फेल्सेनफेल्ड, डेव्हिस आणि रिच यांनी एक प्रयोग केला. डीएनएची एक सख्खी बहीण आहे, आरएनए. तिच्यात टीच्या जागी यू असतो. नुसत्या ए अक्षरांचा एक पेड आणि नुसत्या यू अक्षरांचा दुसरा पेड त्यांनी पाण्यात मिसळला. दोघांची जोडी जमली. मग त्या पाण्यात मॅग्नेशियमचं मीठ होतं तेव्हा दिसलं, की यूचा आणखी एक पेड येऊन त्या जोडीला चिकटतो. एक भाग ए, दोन भाग यू. तीन पेडांचा पीळ तयार झाला. पुढे डीएनएतही असं होतं हे दिसून आलं.

पॉलिंगचे तीन पेड टिकू शकत नव्हते आणि हे तीन टिकले. फरक कशात? बसण्याच्या जागेत.

तिसरा पेड बसतो कुठे?

आता ती सुतळी हातात घ्या. दोन पेडांची सुतळी असेल तर तिच्यावरून नख फिरवा. पिळाबरोबर फिरत जाणारी खाच लागेल. डीएनएच्या दोरीलाही अशा खाचा असतात, एक रुंद आणि एक अरुंद. तिसरा पेड येतो तो रुंद खाचेत बसतो.

एजंटाच्या कागदावर तिपेडी वेणी काढली होती. आपण लेकीची वेणी घालतो तेव्हा तिन्ही पेड आळीपाळीनं एकमेकांवरून जातात. डीएनएत तसं होत नाही. आधीचे दोन पेड आपली जोडी सोडत नाहीत, त्यांची बटणं लागलेलीच राहतात. तिसरा फक्त त्यांच्या खाचेतून, पिळाबरोबर वळत जातो. वेणीत खोवलेला गजरा वेणीबरोबर वळतो, तसा. गजरा काढला तरी वेणी राहते.

मग तो चिकटतो कशाला? बटणं तर आधीच लागलेली आहेत. इथे मोठी अक्षरं कामाला येतात. ए आणि जी यांच्या अंगावर, रुंद खाचेकडच्या बाजूला, आणखी बटणं मोकळी असतात. १९५९ मध्ये कार्स्ट हूगस्टीन या शास्त्रज्ञाने ए आणि टीसारख्या अक्षरांचे खडे बनवून क्ष-किरणांनी पाहिले. तेव्हा ए या दुसऱ्याच बाजूने टीला जोडलेला दिसला. म्हणून या जोडणीला हूगस्टीन जोडणी म्हणतात. तिसरा पेड याच बाजूच्या बटणांवर बसतो. ए-टीच्या जोडीवर तिसरा टी बसतो, आणि जी-सीच्या जोडीवर तिसरा सी.

टी आणि सी ही लहान अक्षरं. त्यांच्याकडे खाचेच्या बाजूला अशी दोन बटणं मोकळी नसतात. म्हणून तिसरा पेड कुठेही बसत नाही. मूळ दोरीच्या एका पेडावर ए आणि जी, ए आणि जी, अशी मोठ्या अक्षरांचीच सलग ओळ असेल तिथेच तो नीट बसतो. मधे एखादा टी किंवा सी आला की तेवढं बटण सुटतं आणि पकड ढिली होते.

तो टिकतो कशामुळे?

बसणं एक, टिकणं दुसरं. कॉलेजातल्या बाईंनी मला बोटं मोजून पाच गोष्टी सांगितल्या. तुम्हीही मोजा.

पहिली, अक्षरांची सलग ओळ. ओळ जितकी लांब आणि अखंड, तितकी बटणं जास्त. चार-पाच अक्षरांवर तिसरा पेड टिकत नाही. साधारण दहा-पंधरा किंवा जास्त लागतात.

दुसरी, मधला समेट. तीन पेड म्हणजे तीन ऋण पाठी. दोघींचं जेमतेम जमलेलं, त्यात तिसरी आली की ढकलाढकल वाढते. म्हणून मधे धन भार लागतो. मॅग्नेशियम ते काम करतं. पेशीत स्पर्मिन आणि स्पर्मिडिन नावाचे धन भाराचे छोटे रेणू असतात, तेही करतात. १९५७ च्या प्रयोगात मॅग्नेशियमचं मीठ का लागलं, ते आता कळलं असेल.

तिसरी, आंबटपणा. तिसऱ्या पेडातल्या सीला जीवर दोन बटणांनी बसायचं असेल तर त्याला एक जादा हायड्रोजन अंगावर घ्यावा लागतो. तो आंबट पाण्यात सहज मिळतो. आपल्या पेशीच्या आतलं पाणी ताकासारखं आंबट नसतं. म्हणून परीक्षानळीत आंबट पाण्यात छान बसलेला सीवाला पेड पेशीत मात्र ढिला पडतो. शास्त्रज्ञांनी यावर उपाय म्हणून सीमध्ये थोडा बदल करून पाहिला, त्याने तो जरा बरा बसतो.

चौथी, दिशा. डीएनएच्या पेडाला सुरुवात आणि शेवट असतो, साडीच्या पदरासारखा. टी-सीचा तिसरा पेड मोठ्या अक्षरांच्या पेडाच्याच दिशेने धावतो. तिसरा पेड जी-एचा असेल तर तो उलट्या दिशेने बसतो. या जी-एवाल्याला आंबट पाणी लागत नाही, पण मॅग्नेशियम लागतं. त्याची एक खोड आहे. पेशीत पोटॅशियम भरपूर असतं, आणि पोटॅशियम मिळालं की जीने भरलेला पेड दुसऱ्याला चिकटायचं सोडून स्वतःचीच घडी घालून बसतो.

पाचवी, उष्णता. तीन पेडांचा डीएनए पाण्यात घालून हळूहळू तापवला, तर बहुतेक वेळा आधी तिसरा पेड सुटतो, दोघांची जोडी तशीच राहते. आणखी तापवलं की मग ते दोघेही वेगळे होतात. तिसऱ्याची पकड दोघांपेक्षा कच्ची असते, हे यावरून कळतं.

म्हणजे तिसरा पेड खरा आहे, पण फार अटींचा पाहुणा आहे. जागा नेमकी हवी, मधे समेट हवा, पाणी मानवेल असं हवं, दिशा बरोबर हवी. एक अट मोडली की तो उठून जातो.

आपल्या शरीरातही होतो का?

हो, होतो. त्यासाठी बाहेरून पेड यावाच लागतो असं नाही. डीएनए स्वतःचाच एक पेड वळवून तिसरा करतो.

'नवजीवन' हा शब्द उलटा वाचा. नवजीवनच होतो. मधल्या अक्षरावर आरसा धरल्यासारखा. डीएनएत मोठ्या अक्षरांची अशी आरशातली ओळ कुठे आली आणि त्या जागी दोरीचा पीळ थोडा सैल होऊन ताण पडला, तर ती मधे उकलते. उकललेल्यातला एक पेड मागे वळून शेजारच्या खाचेत शिरतो. तिथे तीन पेड होतात आणि चौथा, ज्याचा जोडीदार गेला तो, एकटा लोंबकळत राहतो. सर्गेई मिर्किन, मॅक्सिम फ्रँक-कामेनेत्स्की आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की यासाठी अशी आरशातली ओळ लागतेच.

याचा त्रासही होतो. फ्रीडरिक अटॅक्सिया नावाचा एक आजार आहे. शाळकरी वयात मुलाचा चालताना तोल जायला लागतो, बोलणं अडखळतं, पुढे हृदयावर परिणाम होतो. आपल्याकडे तो विरळ आहे. त्याचं कारण १९९६ मध्ये सापडलं. एका जनुकात जीएए, जीएए, जीएए अशी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ही आवर्तनं साधारण तीसच्या आत असतात. आजार असणाऱ्यांत ती शेकड्यांनी, कधी हजारावरही जातात. जी आणि ए, दोन्ही मोठी अक्षरं, सलग ओळ, आणि जीएएजीएएजी कुठूनही वाचा, सारखंच. तिसऱ्या पेडाला हवं ते सगळं इथे आयतं मिळतं. अभ्यासात दिसतं, की तिथे तीन पेडांची गुंडाळी होते आणि जनुक वाचलं जाण्याचं काम अडतं. शरीराला लागणारं एक प्रथिन मग कमी पडतं.

म्हणजे तीन पेड झाले की शक्ती वाढते, असं काही नाही. चुकीच्या जागी झाले तर ते नुकसानच करतात.

मग औषध होऊ शकतं का?

इथे आजींच्या नातवाकडे परत येऊ.

सिकलसेल म्हणजे काय? रक्तातलं हिमोग्लोबिन बनवायचा मजकूर आपल्या अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात एका ठिकाणी ए ऐवजी टी आलेला असतो. तीनशे कोटी अक्षरांत एक. तेवढ्याने रक्ताच्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि पोर रात्रभर कण्हतं. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात हा आजार किती घरांत आहे, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

तिसरा पेड नेमक्या अक्षरांच्या ओळीवरच बसतो, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना वाटलं, की मग हा पत्ता शोधून देणारा पोस्टमन होऊ शकतो. १९८७ मध्ये अमेरिकेत पीटर डर्व्हन आणि फ्रान्समध्ये क्लोद एलेन यांच्या गटांनी हवा तो छोटा पेड बनवून डीएनएच्या ठरावीक जागी बसवून दाखवला. १९९१ मध्ये डेन्मार्कमध्ये पीटर नील्सन आणि सोबत्यांनी पीएनए नावाचा कृत्रिम पेड बनवला. त्याच्या पाठीला भारच नाही. भार नाही म्हणजे ढकलाढकल नाही, म्हणून तो फार घट्ट बसतो.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात पीटर ग्लेझर यांच्या गटाने असा पेड वापरून उंदरांवर काम केलं. त्या उंदरांना थॅलसेमिया होता, तोही हिमोग्लोबिनचाच आजार. तिसऱ्या पेडामुळे डीएनएवर गाठ पडते, पेशीची दुरुस्ती करणारी यंत्रणा तिथे धावते, आणि सोबत दिलेला बरोबर अक्षरांचा तुकडा पाहून चूक सुधारते. २०१६ आणि २०१८ मध्ये त्यांनी छापलं, की उंदरांचं हिमोग्लोबिन सुधारलं. हे सगळं अतिसूक्ष्म कणांत भरून, सुईने आत सोडलं होतं. पण हे उंदरांवरचं काम आहे. तिसऱ्या पेडाचं सिकलसेलवरचं औषध आज कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही.

जनुकावर उपचार अजिबात नाहीत असंही नाही. २०२३ च्या शेवटी इंग्लंड आणि अमेरिकेत सिकलसेलसाठी एका जनुक-उपचाराला परवानगी मिळाली. त्याची रीत वेगळी आहे. त्यात रुग्णाच्याच मूळ पेशी काढतात, प्रयोगशाळेत बदलतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. खर्च कोटींच्या घरात. दुधातून घ्यायची पावडर तो नाही.

आता पावडरीला चार प्रश्न

बैठकीत मी सुतळी आणि टिचबटणांची पट्टी घेऊन गेले. सचिवांच्या मुलीने कागदावर अक्षरं लिहून दाखवली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्या रंगीत कागदाला चार प्रश्न विचारले.

एक. हा तिसरा पेड कोणत्या अक्षरांच्या ओळीवर बसणार? कागदावर काही नव्हतं. पत्ताच नाही तर पोस्टमन जाणार कुठे?

दोन. पोटातून तो वाचणार कसा? मैत्रिणींनो, आपण रोज डीएनए खातो. भाकरीत आहे, मेथीत आहे, डाळीत आहे. आतड्यात त्याचे तुकडे तुकडे होऊन पचन होतं. मेथी खाऊन कुणाला पानं फुटली नाहीत. पावडरीत डीएनए असलाच तर त्याचंही तेच होणार.

तीन. तो पोहोचणार कुठे? रक्तातल्या तयार तांबड्या पेशीत डीएनए नसतोच. त्या पेशी हाडाच्या मगजात बनतात. दुरुस्ती करायची तर तिथल्या मूळ पेशीत, तिच्याही केंद्रात पोहोचावं लागेल.

चार. गुण आला हे कुणी तपासलं? कागदावर तीन लोकांचे फोटो होते. गाव नाही, डॉक्टरांचं नाव नाही, रक्ताचा अहवाल नाही.

आजी ऐकत होत्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या या दोरीनं माझ्या पोराचं दुखणं थांबते काय?" आणि निघून गेल्या.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोरीने दुखणं थांबत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आम्ही ठराव लिहिला. पावडरीसाठी कर्ज नाही. पण जिल्हा रुग्णालयात नेण्यासाठी, घरातल्या सगळ्यांच्या तपासणीच्या दिवसाची मजुरी बुडेल त्यासाठी, तीन हजारांचं अंतर्गत कर्ज, मागितलं त्या दिवशी देणे. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी आमच्या दारात. म्हणाल्या, "गाडी किती वाजता आहे?"

पोराची नीट तपासणी झाली. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी सुरू केली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते, मधेमधे रक्त तपासावं लागतं. फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, ताप आला की घरी न थांबणं, हे सांगितलं. दुखणं मुळापासून गेलं नाही. पण तेव्हापासून आजपर्यंत त्याला एकदाच भरती करावं लागलं. दोन हजार मात्र परत मिळाले नाहीत, एजंटाचा फोन बंद आहे.

आणखी एक झालं. पोराच्या आईला घरात बोल लागायचा, पांढऱ्या पायाची म्हणून. तपासणीत आई आणि बाप दोघेही वाहक निघाले. सिकलसेल होतो तो दोघांकडून एक एक बिघडलेली प्रत आली तरच. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक बाळ आजारी होण्याची शक्यता, चारात दोन वाहक होण्याची आणि चारात एक अगदी निरोगी. यात एकट्या बाईचा दोष कुठे आला? तो कागद आजींनी स्वतः वाचून घेतला, माझ्याकडून दोनदा.

केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते, त्यात शंका आली तर पुढची पक्की चाचणी. आशाताईंना विचारा. विशेषतः लग्नं जमवताना, कुंडलीच्या आधी हे विचारा.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला. आपल्या गटात किती घरांची सिकलसेल तपासणी झाली आहे? औषधासाठी कर्ज मागितलं तर गट कोणते प्रश्न विचारेल? आणि घरातल्या दुखण्याचा बोल आपण कुणाला लावतो?

ती सुतळी फेकू नका. मुलीला द्या, आणि तिला विचारा, तिसरा पेड कुठे बसतो. तिने खाचेत बोट ठेवलं की समजा, जमलं. भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.